वादळाआधी भरून ठेवायची पेटी



मथळा वाचून काहीजण म्हणतील, "आपला कारखाना घाटावरचा, समुद्राच्या वादळाशी आपला काय संबंध?" आम्हीही असेच म्हणत होतो. पण ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि त्याच दिवशी घाट ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरले. मावळ, जुन्नरकडे घरांचे पत्रे गेले, पॉलिहाऊस फाटली. आणि २०१९ व २०२१ चा कृष्णेचा पूर तर कुणी सांगायलाच नको. तेव्हा विषय आपलाच आहे.

आमचे एक पाहुणे रोहा तालुक्यात कोलाडला राहतात. कोलाड समुद्रावर नाही. मुंबई-गोवा हायवेवरचे, कुंडलिकेच्या काठचे गाव. भिऱ्याच्या टाटांच्या वीजगृहातून पाणी सुटते म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती. काठच्या माणसाला धास्ती असते ती पुराची. म्हणून पाहुण्यांनी सगळी कागदपत्रे ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवली होती. विचार बरोबर होता, पण संकट आले ते वरून. वाऱ्याने कौले उडाली, माळा उघडा पडला, ट्रंकेचे झाकण नीट बसत नव्हते, आणि मग रात्रभर पाऊस. सकाळी आत कागदाचा लगदा. सात-बारा, रेशनकार्ड ही पुन्हा मिळाली. पण वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला वाटपाचा कागद कुठल्या कचेरीत मिळणार? त्यावरून भावाभावांत जे सुरू झाले ते अजून मिटलेले नाही. कौले आठ दिवसांत बसली हो, पण दिवाळीला दोन चुली झाल्या त्या झाल्याच.

पुराला वस्तू वर न्यावी लागते, वाऱ्याला खाली आणावी लागते. म्हणून जागा हुडकत बसण्यापेक्षा एका हाताने उचलून बाहेर पडता येईल अशी पेटीच करावी. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा किंवा पोरांची जुनी सॅक चालते. कागद दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधावेत : सात-बारा, खरेदीखत, आधार, रेशनकार्ड, बँकेचे व सोसायटीचे पासबुक, विम्याचे कागद आणि आपल्या कारखान्याचा शेअर दाखला. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून तो परगावच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावा. शे-पाचशेच्या सुट्या नोटाही ठेवाव्यात. लाईट गेली की एटीएम बंद. 'निसर्ग' नंतर किनाऱ्यालगतच्या कित्येक गावांत वीज यायला काही आठवडे लागले, आणि टॉवर बंद म्हणून फोनही मुके झाले होते. म्हणून महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून पेटीत टाका : जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८.

बॅटरी हवीच, पण सेल बाहेर काढून ठेवावेत, नाहीतर वर्षभराने आत गंज सापडतो. पॉवर बँक, सेलवरचा रेडिओ, शिट्टी, दोरी, ताडपत्रीचा तुकडा. शिट्टीला हसू नका. ढिगाऱ्याखालून ओरडून ओरडून माणसाचा घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. जाड तळाचे बूट ठेवावेत, कारण वादळानंतर अंगणात खिळे, पत्रे आणि विंचूकाटा, सगळेच असते. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवड्याच्या ठेवाव्यात. खाण्याला चूल न लागणारे : पोहे, चुरमुरे, भाजके शेंगदाणे, फुटाणे, गूळ. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय पेटी बंद करू नये. एकट्या पुरुषाने भरली की लहान पोराचे आणि बायकांच्या गरजेचे हमखास राहते.

पाण्याचा हिशेब लोक चुकतात. पिण्याला आणि रांधायला माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरा. पाच माणसांना तीन दिवस म्हणजे ४५ ते ६० लिटर. इशारा आला की हंडे-कळश्या भरून झाकाव्यात, कारण लाईट गेल्यावर मोटर चालणार नाही. पुरानंतर विहिरीचे पाणी उकळून प्यावे.

तरीही जुलाब लागले तर? साखर कारखान्याच्या सभासदाच्या घरात साखर नाही असे होत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट घ्यायचे, शीग लावायची नाही. आपल्याकडे पाहुणचारात साखर सढळ हाताने पडते, पण इथे जास्त पडली तर जुलाब वाढतात. दवाखाना गाठेपर्यंत हे थोडे थोडे पाजत राहावे.

घर सोडायची वेळ आली तर मेन स्विच पाडा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि जनावरांचे दावे सोडा. बांधलेली म्हैस पुरात बुडते, सुटी असली तर पोहून वाट काढते. वादळात वारा एकाएकी पडला तर लगेच पत्रे बघायला बाहेर जाऊ नये. वादळाचा मध्य डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो.

अरबी समुद्रात वादळे मुख्यतः दोन वेळा उठतात, मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. 'फयान' आले होते ११ नोव्हेंबर २००९ ला, म्हणजे ऐन गळिताच्या तोंडावर. म्हणून पेटी अक्षय्य तृतीयेला भरावी आणि दसऱ्याच्या सुमारास, बॉयलर पेटायच्या आधी, पुन्हा उघडून पाहावी. जुने पोहे खाऊन टाकावेत, नवे भरावेत.

ज्यांचा शेअर दाखला फाटला, भिजला किंवा सापडत नसेल त्यांनी दुसऱ्या प्रतीसाठी गळीत सुरू होण्यापूर्वीच शेअर विभागात अर्ज द्यावा. हंगामात तिथे गर्दी असते.