पोलादाचें पाणी

लाल तापलेली लांब सुरी लोहारानें पाण्यांत आडवी टाकली, तर ती कडक होईल. पण वांकडीही होईल. असें कां व्हावें? पाण्याला प्रथम लागलेली बाजू आधीं निवते व आकसते, दुसरी मागाहून. शिवाय कडक होतांना पोलादाचें आकारमान किंचित् वाढतें, तेंही सर्वत्र एकाच वेळीं नव्हे. या ओढाताणींत वस्तु वांकते. म्हणून जाणता कारागीर ती सावकाश, सारखी तापवितो, उभी बुडवितो, आणि जमेल तेथें पाण्याऐवजीं तेल घेतो. तेलांत ती मंद गतीनें निवते.

सुरी ठोकून सरळ करतां येईल. परंतु सर्वच वस्तूंचें तसें नाहीं. बारामती-इंदापूरचा मुलूख उसासाठीं प्रसिद्ध. त्यांतील वालचंदनगर साखर कारखान्याभोंवतीं वसलें. तेथेंच पुढें पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचीं पोलादी आवरणें तयार झालीं. असें आवरण २.८ मीटर व्यासाच्या पांच खंडांचें असतें. एका खंडाची गोलाई बिघडली, तर शेजारचा त्याशीं जुळणार नाहीं. आणि सांध्यांतून तप्त वायु निसटला, तर सारें यानच गमवावें लागेल.

म्हणून येथें पोलादच निराळें निवडलें आहे. या मारएजिंग पोलादांत निकेल सुमारें १८ टक्के, कार्बन नांवापुरता. तें हवेंत निवलें तरी पुरतें, व तेव्हां यंत्रावर कांतण्याइतकें मऊ असतें. मग सुमारें ४८० अंश सेंटिग्रेडवर कांहीं तास ठेविलें कीं कडक होतें. तप्त धातु एकाएकीं पाण्यांत बुडविण्याचा प्रसंगच येत नाहीं. त्यामुळें मापांत पडणारा फरक अत्यल्प, आणि तोही आधीं हिशेबांत धरतां येतो.