ख्रिस्त आणि कनानी स्त्री
कास्तीलची राणी पहिली इझाबेला हिच्या खाजगी उपासनेसाठी फ्लेमिश चित्रकार ह्वान दे फ्लांदेस (मृ. सु. १५१९) ह्याने रंगविलेले छोटे फलकचित्र. सु. १४९६–१५०४ ह्या काळातील ४७ चित्रांच्या मालिकेपैकी ते एक. ह्या मालिकेतील फलक सु. २१ × १६ सेंमी. आकाराचे आहेत. मत्तयकृत शुभवर्तमानातील कथेत परजातीय स्त्री मुलीच्या आरोग्यासाठी येशूची विनवणी करते. प्रथम नकार मिळूनही ती ढळत नाही. तिची श्रद्धा पाहून येशू दूरवरच्या मुलीला स्पर्शाविनाच बरे करतो. त्यामुळे ह्या विषयात रोगमुक्तीपेक्षा मातेच्या याचनेला महत्त्व येते. मालिका तयार होत असतानाच राणीचा पुत्र (१४९७) व ज्येष्ठ कन्या (१४९८) निवर्तली. राणीच्या मृत्यूनंतर (१५०४) मालिका विखुरली; हे चित्र माद्रिदमध्ये आहे.