एका नावाखाली दोन मासे

कोकणातल्या पाकटाचा एक नातलग युरोपच्या समुद्रात राहतो. त्याला स्केट म्हणतात. त्याच्या दोन जाती १९२६ साली एकच ठरवल्या गेल्या. २०१० साली फ्रेंच संशोधकांनी त्या पुन्हा निराळ्या दाखवून दिल्या. धाकटीचे डोळे फिकट पिवळे, थोरलीचे काळपट हिरवे. खूण डोळ्यांतच होती, पण पाहतो कोण! धाकटीची मादी सव्वा मीटरची झाली की वयात येते. थोरलीच्या मादीला जवळजवळ दोन मीटर वाढावे लागते. इतकी वर्षे जाळे कसे चुकवायचे? मोजदाद मात्र दोघींची एकत्रच होत होती. त्यामुळे थोरलीची घट धाकटीच्या आड झाकली गेली, असे आम्हांस वाटते. आज दोन्ही जाती अतिसंकटग्रस्त आहेत. थोरली मुख्यतः स्कॉटलंडच्या आसपास उरली आहे.