स्क्रूच्या डोक्यात आहे तरी काय?

श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत असाल, घरात पंख्याखाली लोळत असाल, नाहीतर गॅरेजवाल्या काकांकडे सायकलला हवा भरायला गेला असाल, तर जिथे असाल तिथे एक स्क्रू शोधा. सापडला? आता त्याच्या डोक्याकडे नीट बघा. एकच आडवी खाच आहे? अधिकचं चिन्ह आहे? की सहा कोनांचा खड्डा?

सगळ्या स्क्रूंचं काम एकच, दोन वस्तू घट्ट धरून ठेवायच्या. मग डोकी इतक्या तऱ्हांची कशाला?

कारण धरून ठेवायचं काम करतात ते आटे, आणि डोकं करतं वेगळंच काम. तुमच्या हाताचा जोर आत घ्यायचा, तो डोक्याने. जोर किती लागणार, तो कोण लावणार आणि स्क्रू पुन्हा उघडायचा आहे की नाही, यावर डोक्याचा आकार ठरतो. म्हणजे डोकं बघितलं की बनवणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं!

आजोबा मायनस

आपल्या तालुक्यातल्या पेडगावच्या बहादूरगडावर जुनी दगडी मंदिरं आहेत. ती बांधली तेव्हा वस्तू जोडायला असे स्क्रू वापरातच नव्हते. युरोपात 15व्या-16व्या शतकात चिलखतांमध्ये आणि बंदुकांमध्ये स्क्रू दिसू लागले. तेव्हा एकेक स्क्रू कानशीने घासून हातानेच बनवावा लागे. अशा वेळी डोक्यावर सगळ्यात सोपं काय? करवतीने एक चीर पाडायची, झालं! पुढे 1800च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले यांनी अचूक आटे कापणारं लेथ यंत्र बनवलं आणि एकसारखे स्क्रू मिळू लागले. डोक्यावरची चीर मात्र तशीच राहिली.

या चिरेची एक खोड आहे. ती दोन्ही बाजूंनी उघडी असते. जोर लावला की स्क्रू ड्रायव्हर सर्रकन बाजूला घसरतो आणि टेबलावर ओरखडा! पण गुणही आहे. खाचेत माती बसली, रंग वाळला, तरी एका टोकदार खिळ्याने खरवडा, खाच मोकळी. शिवाय घरात दुसरं काही नसलं तरी टेस्टर असतोच आणि त्याच्या चपट्या टोकाने असा स्क्रू फिरवता येतो. म्हणून विजेच्या सामानात जिथे वायर आवळायची असते, तिथे हे आजोबा अजून नोकरीला आहेत. (त्यांना भेटायला जाऊ नका बरं का. बोर्ड किंवा मोटरचा स्टार्टर उघडणं हे वायरमनचं काम.)

घाईतला प्लस

आपल्या जिल्ह्यात नगर-दौंड रस्त्यावर कायनेटिकचा कारखाना आहे. 1972 साली बाजारात आलेली लूना ही या कंपनीची. अशा कारखान्यात एकामागून एक गाड्या जोडल्या जातात. तिथे टेबलावर वाकून खाच शोधत बसायला वेळ कुणाला?

हीच अडचण अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांना आली होती. तिथल्या हेन्री फिलिप्स यांनी अधिकच्या आकाराची खाच पुढे आणली. मूळ कल्पना जॉन थॉम्पसन यांची, पण फिलिप्स यांनी ती विकत घेऊन सुधारली आणि 1936 साली कॅडिलॅक गाड्यांमध्ये हे स्क्रू बसले. या खाचेत टोक ठेवलं की ते आपोआप मधोमध जातं. मशीनने फिरवायला एकदम सोपं! आज खेळण्यांपासून कपाटाच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे हा ‘स्टार स्क्रू’ दिसतो.

पण त्याच्या खाचेच्या भिंती तिरक्या असतात. फार जोर लावला की ड्रायव्हर त्या उतारावरून वर चढतो आणि उसळून बाहेर येतो. दोन-चारदा असं झालं की खाच झिजून गुळगुळीत होते. मग कितीही जोर लावा, स्क्रू ढिम्म! म्हणून स्टार स्क्रू उघडताना युक्ती एकच. बरोबर मापाचा ड्रायव्हर घ्या, आधी जोरात दाबा, मग फिरवा.

कॅनडातच राहिलेला चौकोन

या प्लसच्याही आधी, 1909 साली, कॅनडातल्या पीटर रॉबर्टसन यांना चौकोनी खड्ड्याच्या स्क्रूचं पेटंट मिळालं होतं. भिंती जवळजवळ सरळ, त्यामुळे ड्रायव्हर उसळत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर असा चिकटून बसतो की एका हाताने काम होतं. मोटारींचे राजे हेन्री फोर्ड यांना तो आवडला, पण रॉबर्टसन यांनी आपले हक्क त्यांच्या हाती द्यायला नकार दिला. परिणाम? कॅनडात घरोघरी चौकोन आणि बाकी जगात प्लस. सगळ्यात चांगली वस्तूच सगळीकडे पोचते असं नाही!

चिखलातला पहिलवान

आता गळिताच्या हंगामात साखर कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. चाकं, सांधे, सगळं चिखलाने माखलेलं. तिथे प्लसची खाच असती तर? चिखल भरून वाळून दगड! म्हणून तिथे खड्डाच नाही. बोल्टचं सहा कोनांचं भरीव डोकं बाहेर आणि त्याला धरणारा पाना. फडक्याने पुसलं की काम सुरू.

पान्याची दांडी लांब, म्हणून जोरही जास्त. 20 सेंटिमीटरच्या पान्याऐवजी 40 सेंटिमीटरचा घेतला, तर तेवढ्याच ताकदीत बोल्टला दुप्पट पीळ बसतो. पत्र्याच्या छपरावरचे स्क्रूही असेच सहा कोनांचे असतात. खड्डा नाही, म्हणजे पावसाचं पाणी साचायला जागा नाही, आणि डोक्याखालची रबरी चकती भोकातून पाणी आत येऊ देत नाही.

आणि दहा-अकराच्या पान्याचं तोंड जरा वाकडं असतं, हे बघितलंय? ती चूक नाही. सहा कोनांचा बोल्ट 60 अंश फिरला की पाना पुन्हा बसतो. पण ट्रॅक्टरखालच्या अडचणीत तेवढीही जागा नसते. तोंड 15 अंश वाकडं असल्यामुळे पाना उलटा करून लावला की फक्त 30 अंशांत काम भागतं!

हेच सहा कोन डोक्याच्या आत कोरले की झाला एलन बोल्ट. गिअरच्या सायकलची सीट वरखाली करताना इंग्रजी ‘एल’सारखी वाकलेली चावी लागते ना, तीच एलन की. बाहेरून पाना घालायला जागा नसते, तिथे ती कामी येते.

“मला उघडू नका!”

1967 साली अमेरिकेत सहा पाकळ्यांचा टॉर्क्स आला. त्याच्या पाकळ्यांवर जोर जवळजवळ समोरून पडतो, त्यामुळे ड्रायव्हर घसरत नाही आणि कोन झिजत नाहीत. मोटारींमध्ये आणि सायकलच्या डिस्क ब्रेकवर तो सापडतो. 2009 साली अ‍ॅपल कंपनीने पाच पाकळ्यांचा स्क्रू आणला. त्याचा ड्रायव्हर तेव्हा दुकानात सहज मिळत नसे. गिऱ्हाइकाने यंत्राच्या आत डोकावू नये, हाच त्याचा अर्थ!

करून बघा

पुठ्ठ्याचा एक चौकोन आणि एक षट्कोन कापा, दोन्ही समान बाजूंचे आणि समान कोनांचे. कागदावर ठेवून कडेने रेघ मारा. आता पुठ्ठा हळूहळू फिरवा आणि रेघेत पुन्हा चपखल कधी बसतो ते बघा. चौकोन पाव फेरीत, षट्कोन एक षष्ठांश फेरीत. मग बारा कोनांचा कापून बघा. कोन वाढवत गेलो तर फायदाच फायदा? की कोन हळूहळू बोथट होऊन पाना घसरेल?

डोकं चालवा

एक स्क्रू असाही असतो, जो फक्त आवळता येतो. उलटा फिरवायला गेलं की ड्रायव्हर उतारावरून घसरतो आणि स्क्रू जागचा हलत नाही. असा स्क्रू आपल्या गावात कुठे कुठे बसवायला हवा? यादी करा. आमच्या यादीत पहिला नंबर शाळेच्या नळाचा!