आटे गेलेले भोक

मोटारीच्या इंजिनात किमती भाग पुष्कळ असतात. पण दुरुस्तीच्या वेळी मालकाचा जीव टांगणीला लागतो तो कित्येकदा एका साध्या बोल्टामुळे. सिलिंडर हेड पुन्हा बसविलेले असते, एकामागून एक बोल्ट आवळले जात असतात, आणि शेवटच्या फेऱ्याला पाना एकाएकी सैल फिरू लागतो. बोल्ट बाहेर काढून पाहावा, तर त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची बारीक वेटोळी अडकलेली दिसतात. ही वेटोळी म्हणजेच ब्लॉकच्या भोकातील आटे. बोल्ट नवा मिळेल. पण ब्लॉक हा इंजिनाचा मूळ सांगाडा. एका भोकापायी तो मोडीत काढावयाचा काय?

उत्तर शोधण्यापूर्वी बोल्टाचे काम समजून घेतले पाहिजे. बोल्ट दोन भागांना नुसता अडकवून ठेवीत नाही. आवळताना तो किंचित ताणला जातो, आणि पुन्हा आखडण्याची त्याची ओढ हीच त्या भागांना एकमेकांवर दाबून धरते. १० मिलिमीटर व्यासाचा चांगल्या पोलादाचा बोल्ट योग्य आवळला असता सुमारे अडीच टनांची ओढ धरतो. हा सारा भार आट्यांवर पडतो, आणि तोही सारखा नव्हे. आरंभीचे दोन-तीन आटेच त्याचा मोठा वाटा उचलतात. पोलादापुढे अ‍ॅल्युमिनियम मऊ. त्यामुळे बोल्ट वाकडा शिरला, भोकात घाण राहिली किंवा हाताच्या अंदाजाने वाजवीपेक्षा अधिक जोर लावला, की बोल्ट शाबूत राहतो आणि ब्लॉकचे आटे सोलून निघतात. बिडाच्या ब्लॉकमध्ये ही आपत्ती त्या मानाने कमी येते.

अशा वेळी बोल्टाला तार गुंडाळून किंवा भोकात चिकटवण भरून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. पंख्याचे झाकण तेवढ्याने तग धरील. सिलिंडर हेड धरणार नाही. एका बोल्टाची ओढ कमी पडली, की तेथील गॅस्केट दाबले जात नाही. मग जळता वायू पाण्याच्या वाटेत शिरतो, पाणी तेलात मिसळते, आणि भर घाटात इंजिन तापून गाडी उभी राहते. वाचविलेल्या एका तासाचे मोल तेथे द्यावे लागते.

खरा उपाय प्रथम उलटाच वाटतो: बिघडलेले भोक आणखी मोठे करावयाचे. १० मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे भोक असेल, तर ते सुमारे १०.४ मिलिमीटरपर्यंत वाढवितात. तत्पूर्वी सिलिंडर व तेलाच्या वाटा कापडाने झाकतात, कारण धातूचा एक कणही पुढे इंजिनाचा घात करू शकतो. गिरमिट काटकोनात उभे आहे की नाही, हे गुण्या लावून पाहतात. नंतर खास मापाच्या टॅपने, तेल देत, अर्धा फेरा पुढे आणि थोडा मागे, असे नवे आटे पाडतात. त्यांत बसते ते स्टेनलेस स्टीलच्या तारेचे वेटोळे. कारखान्यांत त्याला हेलिकॉइल म्हणतात. तार चौकटच्या पत्त्यावरील खुणेसारख्या छेदाची असल्याने वेटोळ्याला बाहेरून आणि आतून, दोन्हीकडे आटे असतात. ते भोकापेक्षा किंचित मोठे असते. आवळून आत फिरविले, की स्प्रिंगप्रमाणे फुलून स्वतःच घट्ट बसते. ते पृष्ठभागाच्या जरा खाली राहिले पाहिजे. शेवटी टोकाची शेपटी मोडून काढून घेतात. आता मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा बसतो.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत अशी वेटोळी वापरली गेली. भार मोठ्या व्यासावर आणि अधिक धातूवर पसरल्यामुळे दुरुस्त केलेले भोक कित्येकदा मूळच्यापेक्षा बळकट ठरते. मात्र भोकाभोवती तडा असेल किंवा भिंत पातळ असेल, तर हा उपाय चालत नाही. तसेच बंद बुडाच्या भोकात तेल साचलेले असल्यास बोल्टाखाली कोंडलेले ते तेल ब्लॉकच फोडू शकते. म्हणून भोक कोरडे करूनच बोल्ट घालावा.

मूळचाच बोल्ट पुन्हा बसतो, यामागे आणखी एक जुनी पुण्याई आहे. एकेकाळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचा कोन व अंतर ठरवून देण्याची सूचना मांडली. त्यांचा कोन ५५ अंशांचा होता, आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा आहे. पण ठरलेल्या मापाची शिस्त तीच. आटे जातात ते माप सोडून लावलेल्या जोराने, आणि परत येतात ते मापानेच. म्हणून कुशल मिस्त्री शेवटचे आवळणे मनगटावर सोपवीत नाही. तो टॉर्क पाना हाती घेतो आणि मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, नेमून दिलेल्या आकड्यापर्यंत बोल्ट आवळतो. आकडा आला, की तो थांबतो.