आरोग्यपच्चा : दाट छायेतील एक ओषधी

सह्याद्रीची रांग दक्षिणेस जेथे संपत येते, तेथे केरळ व तमिळनाडू यांच्या सीमेवर अगस्त्यमलै हा पर्वत आहे. त्याच्या उतारांवरील सदाहरित अरण्यात, ओढ्यांच्या काठी, भर मध्यान्हीही मंद प्रकाश असतो अशा जागी एक लहानशी ओषधी उगवते. तेथील काणी आदिवासी तिला ‘आरोग्यपच्चा’, म्हणजे आरोग्य देणारी हिरवी वनस्पती, असे म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. हे नाव १७८८ साली गेर्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. ही जाती श्रीलंकेत व मलाया द्वीपकल्पातही आढळते.

हिचे मूलक्षोड जमिनीखाली असून त्यातून बारीक दांडे वर येतात. पाहणारास ते पानांचे देठ वाटतात. वस्तुतः ती खोडे होत, आणि प्रत्येक खोडास एकच पान असते. पान बहुधा हृदयाकृती असते, परंतु अरुंद व लांबट पानांची रोपेही दिसतात. पान व खोड यांच्या सांध्यापाशी केसासारख्या देठांवर जांभळट तपकिरी फुले येतात. ‘ट्रायकोपस’ हा शब्दही ‘केस’ व ‘पाय’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनला आहे. परिदले सहा, केसरदले सहा. किंजपुट अधःस्थ व तीन कप्प्यांचा. फळास तीन कडा. आपल्या परिचयाचे कोनफळ व कारांदा याच कुलातले, पण हिला ना वेल, ना खाण्याजोगा कंद. एकदलिकित असूनही पानावर शिरांचे जाळे असते, हे विद्यार्थ्यांनी विशेष पाहावे.

१९८७ च्या डिसेंबरात डॉ. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांची एक तुकडी या डोंगरात हिंडत होती. शास्त्रज्ञ थकले, पण वाटाडे काणी लहान फळे चघळीत ताजेतवाने राहिले. विचारता त्यांनी प्रथम सांगण्याचे नाकारले. ते ज्ञान त्यांच्या जमातीचे गुपित होते. पुढे पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत अभ्यास होऊन ‘जीवनी’ हे औषध सिद्ध झाले. १९९५ साली त्याच्या निर्मितीचा परवाना एका औषधशाळेस दहा लाख रुपये व दोन टक्के स्वामित्वशुल्क या अटींवर देण्यात आला, आणि मिळणाऱ्या रकमेचा अर्धा वाटा काणींचा ठरला. ज्यांचे ज्ञान त्यांना मोबदला, ही गोष्ट त्या काळी विरळाच होती.

अडचण निघाली ती वनस्पतीच्या रचनेतूनच. काणी फळे खात. औषधास पाने लागत. ज्या खोडास एकच पान, त्याचे पान खुडले म्हणजे खोड बोडके झाले. म्हणून काणींकडून लागवड करवून पाने घ्यावीत, असे योजिले गेले. परंतु काणींच्या वस्त्या राखीव वनात. आणि तोडलेले पान लागवडीचे की रानातले, हे नुसते पाहून सांगता येत नाही. लागवडीच्या नावाखाली रानातील रोपेच उपटली जातील, या भीतीने वनखात्याने हरकत घेतली, आणि परवाना हाती असूनही कच्च्या मालाचा पुरवठा अडला.