अर्धशिशी आणि स्त्रीशरीरातील संप्रेरके

आपल्याकडे अनेक घरांत डोकेदुखीचे खापर पित्तावर फोडले जाते. अर्धे डोके ठणकते, प्रकाश सहन होत नाही, मळमळते, उलटी झाल्यावर थोडे हलके वाटते. मग ‘पित्त उसळले’ असे म्हणून सुंठीचा लेप, बाम व आम्लपित्ताची गोळी एवढ्यावर भागविले जाते. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या कित्येक भगिनींना ही अर्धशिशी आहे, हे वर्षानुवर्षे कोणी सांगितलेलेच नसते. ‘पाळीच्या सुमारास हमखास दुखते’ असे त्यांनी घरी सांगून पाहिलेले असते आणि त्यावर काम टाळण्याचे निमित्त, असा शेराही ऐकलेला असतो. वस्तुतः त्यांचे निरीक्षण अचूक असते.

बालवयात मुलगे व मुली यांच्यात अर्धशिशीचे प्रमाण जवळजवळ सारखे आढळते. पाळी सुरू होण्याच्या वयापासून चित्र पालटते आणि प्रौढ वयात स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट होते. यात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा मोठा वाटा आहे. मात्र इस्ट्रोजेन अधिक असल्याने डोके दुखते, ही समजूत बरोबर नव्हे. त्याची पातळी वेगाने उतरल्याने दुखते. पाळीपूर्वी ती अशीच झपाट्याने खाली येते. ऑस्ट्रेलियातील ब्रायन सोमरव्हिल यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही स्त्रियांना पाळीपूर्वी इस्ट्रोजेनचे इंजेक्शन दिले होते. पाळी नेहमीच्या वेळी आली, अर्धशिशी मात्र पुढे ढकलली गेली. अगदी छोट्या गटावरील हा अभ्यास आजही मार्गदर्शक मानला जातो.

गरोदरपणात ही पातळी चढती राहते. म्हणून अनेकींना, विशेषतः शेवटच्या सहा महिन्यांत, चांगला आराम पडतो. प्रसूतीनंतर ती एकदम कोसळते आणि माहेरी विश्रांती घेत असलेल्या बाळंतिणीचे दुखणे परत येते. तथापि, बाळंतपणानंतर प्रथमच किंवा नेहमीपेक्षा वेगळी, तीव्र डोकेदुखी झाल्यास ती अर्धशिशी समजून घरी थांबू नये. त्वरित रुग्णालयात येऊन रक्तदाब तपासून घ्यावा. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत संप्रेरके अस्थिर असल्याने त्रास वाढू शकतो. पाळी कायमची थांबल्यावर तो बहुधा ओसरतो.

वेदनेतील हा भेद विज्ञानानेही दीर्घकाळ दुर्लक्षिला, हे मान्य केले पाहिजे. ‘पेन’ या प्रमुख नियतकालिकातील दहा वर्षांचे प्राण्यांवरील प्रयोग जेफ्री मोगिल व त्यांच्या सहकारी यांनी २००५ मध्ये तपासले, तेव्हा त्यांपैकी ७९ टक्के केवळ नरांवर केलेले आढळले. माद्यांच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्ष विस्कळीत होतील, ही त्यामागील एक भीती. पुढे २०१५ मध्ये उंदरांवरील संशोधनात असे दिसले की, मज्जातंतूच्या इजेनंतर नरांमध्ये वेदना टिकवून धरणाऱ्या मज्जारज्जूतील विशिष्ट पेशी माद्यांमध्ये ते काम करीतच नाहीत. तेथे वेगळ्या रोगप्रतिकारक पेशी ते करतात. वेदना एकच, वाट मात्र निराळी!

उपचारांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. डोकेदुखीपूर्वी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसत असतील, तर इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळ्या सुरू करताना हे लक्षण डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्यांना अन्य साधन सुचविता येते.

दुखणे ठरावीक दिवसांतच येत असेल, तर त्या मोजक्या दिवसांपुरते आधीपासून औषध देता येते. निदान पक्के होईपर्यंत संकष्टीसारखे दिवसभराचे कडक उपवासही टाळलेले बरे, कारण उपाशी राहिल्याने अनेकांना अर्धशिशी उठते. मात्र ‘ठरावीक दिवस’ कोणते, हे कळण्यास नोंद हवी. दुधाचा हिशेब लिहितो त्याच दिनदर्शिकेवर पाळीची तारीख, दुखण्याचे दिवस व घेतलेल्या गोळ्या लिहाव्यात, आणि अशी तीन महिन्यांची पाने तपासणीस येताना सोबत आणावीत.